सरवा, घाणा आणि जाते

उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना व अनुवाद या मोशेच्या पाच पुस्तकांस यहुदी लोक ‘तोरा’ म्हणतात. त्यांतील दहा आज्ञा आपणांस मुखोद्गत असतात. परंतु त्याच शास्त्रात शेताच्या बांधावरचे किती नियम आहेत, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्यास सांगितले आहे की, त्याने कापणी करताना शेताचे कोपरे निःशेष कापू नयेत व गळालेली कणसे वेचू नयेत. ती दरिद्री व उपरी यांकरिता राहू द्यावीत. ‘सरवा’ म्हणजे काय, हे आष्टीच्या शिवारात कोणास समजावून सांगावयास नको. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. आपण सरवा वेचू देतो तो बहुधा दया म्हणून. तोरा तो मालकाचा नव्हेच असे मानते. वेचणाऱ्यास हात पसरावा लागत नाही. तो आपल्या कष्टाने ओटी भरून घेतो.

कोकणातील बेने इस्राएल लोक आपल्यासारखेच मराठी बोलत व तेल गाळीत. पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथ हाती नसताही ते शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. अनुवादाच्या पाचव्या अध्यायातील विसाव्याची आज्ञा घरधन्याबरोबर दास, दासी व बैल यांसही लागू आहे. म्हणजे त्या दिवशी घाण्याच्या बैलाचे जूही उतरत असले पाहिजे!

त्याच पुस्तकाचा चोविसावा अध्याय सावकाराकडे वळतो. जाते, किंवा त्याची नुसती वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये. कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणे होय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० वाचावे. कर्जदाराची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे व शेतकऱ्याची अवजारे जप्त करण्यास तेथे मनाई आहे. वकील होऊ इच्छिणाऱ्या मुलांनी हे साम्य अवश्य पडताळून पाहावे.

पुढे मजुरीचा नियम येतो: रोजगार सूर्यास्तापूर्वी द्यावा, कारण मजूर गरीब असून त्याचे चित्त त्यावर लागलेले असते. आम्हां शिक्षकांसही हा नियम अवघड जातो. सुटे नाहीत एवढ्या सबबीवर मी एकदा अंगण सारविणाऱ्या बाईचे पैसे दोन दिवस लांबविले. ती काही बोलली नाही. पायरीवर क्षणभर थांबली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मला हाच अध्याय शिकवावयाचा होता.