गॅरेजातली ओल

लातूर,
दि. 12 ऑक्टोबर 2025

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा फोन आला होता. गाडी अंगणात ताडपत्रीखाली आणि गॅरेजात सोयाबीनची पोती, खताच्या गोण्या, माळ्यावर आजोबांच्या कागदांची ट्रंक, असं तुमचं चाललंय म्हणे. भिंतीवर काळे ठिपके आलेत, शटर उघडलं की कुबट वास येतो, आणि तू वॉटरप्रूफ रंगाचा डबा आणायला निघालायस. तो डबा तूर्त दुकानातच राहू दे. ओल कुठून येतेय हे कळल्याशिवाय रंग लावलास तर येत्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे खरवडत बसशील.

ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथला माणूस ओलीवर पत्र लिहितोय, म्हणून हसू नकोस. दुष्काळाची सवय असल्यामुळेच आपण घर बांधताना ओलीचा विचार करत नाही. मग यंदाच्या सप्टेंबरसारखा पाऊस झाला की सगळी घरं उघडी पडतात.

आधी फरशी बघ. तुमच्या गॅरेजात शहाबादी आहे आणि खाली काळी माती. ही माती पाणी धरून ठेवते आणि सांध्यांतून ते वर चढतं. पण खात्री कर. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद फरशीवर पसर, चारी कडा चिकटपट्टीने बंद कर आणि एक दिवस-रात्र तसाच राहू दे. उचलल्यावर खालच्या बाजूला दव असेल तर ओल जमिनीतून येतेय. खाली कोरडं आणि वरून ओलसर असेल तर दोष हवेचा. या दोन आजारांना औषध एक नाही. जमिनीची ओल असेल तर खरा उपाय फरशी काढून मुरूम दाबणं, त्यावर जाड प्लास्टिक अंथरणं आणि वर कोबा करणं हा आहे. तो उन्हाळ्यात कर. तोवर एकही पोतं फरशीला टेकू देऊ नकोस. लाकडी फळ्या ठोकून वीतभर उंचीचे पाट कर आणि भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोड. माणूस आडवा चालून जाईल एवढी. आमच्या गोदामात आम्ही हे अंतर कधी मोडू दिलं नाही. त्यात हवा फिरते, आणि भिंतीला लोणा लागला किंवा उंदराने बीळ केलं तर वेळेत दिसतं.

भिंतीचं दुखणं बहुतेक बाहेरच असतं. पत्र्याच्या पागोळ्या जोत्याशी पडतात, चिखल उडतो, भिंत पिते. पन्हाळ लाव, पाणी नळीने लांब सोड आणि जोत्याकडून बाहेर उतार राहील असा मुरूम टाक. यात विशेष काही नाही, फक्त आळस सोडायला हवा.

पत्रा मात्र नीट समजून घे. किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 नंतर, आपल्याकडची माळवदं गेली आणि पत्रे आले. ते योग्यच झालं, दगडमातीच्या त्या ओझ्याखाली किती माणसं गेली हे आपण पाहिलंय. पण माळवदाचा जाड मातीचा थर रात्रीत थंड होत नसे. पत्रा होतो. तीस अंशाच्या हवेत, घनमीटरमागे, सुमारे तीस ग्रॅम वाफ मावते. तीच हवा वीस अंशांवर आली की सतराच्या आसपास. उरलेलं पाणी जातं कुठे? पत्र्याच्या आतल्या अंगाला लागतं आणि पहाटे थेंबाथेंबाने पोत्यांवर पडतं. लोक म्हणतात पत्रा गळतो, आणि डांबर घेऊन वर चढतात. पत्रा शाबूत असतो, कोंडलेली हवा गळते. म्हणून समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली आणि एक पत्र्यालगत ठेव, दोन्हींना बारीक जाळी. पाऊस चालू असेल तेव्हा शटर बंद. ऊन पडलं, हवा कोरडी झाली की दुपारी दोन-तीन तास उघडं. दमट दिवशी ‘हवा खेळू दे’ म्हणून दार उघडणारा बाहेरची ओल आत बोलावतो. आणि भिजलेली मोटारसायकल रात्री आत लावायची नाही, हे दाजींनाही सांग, माझं नाव घेऊन.

आता सोयाबीन. यंदाचं सोयाबीन शेतातच भिजलंय, म्हणजे ओलीची सगळ्यात मोठी आवक तू स्वतः ट्रॅक्टरने केलीस. धान्य जिवंत असतं, श्वास घेतं. ओलं असेल तर जास्त घेतं, त्यातून उष्णता आणि पाणी सुटतं आणि थप्पीच्या पोटात बुरशी धरते. बाहेरून काही दिसत नाही. मधल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाल. आत कोमट लागलं तर त्याच दिवशी थप्पी मोड आणि माल उन्हात पसर. आडतीवर मॉइश्चर मीटर असतं, मूठभर दाणे नेऊन बघ. सरकारी खरेदीला 12 टक्क्यांची मर्यादा असते आणि घरात साठवायलाही तोच आकडा धर. पोत्यांना प्लास्टिक गुंडाळू नकोस, आतली वाफ आतच राहते. बियाण्याची पोती वेगळी ठेव, चार-पाचांच्या वर थप्पी नको. सोयाबीनचं टरफल नाजूक, दाबाने फुटतं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोज. सत्तरच्या खाली उगवले तर ते बियाणं नव्हे.

खत आणि सिमेंट तिथून हलव. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो आणि शेजारच्या पोत्यालाही भिजवतो. कागदांची ट्रंक घरात, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेव. सातबारा पुन्हा काढता येईल, आजोबांच्या हातची टिपणं नाही.

एक गोष्ट मात्र मी रागावून सांगतो. किडीसाठी सल्फासच्या गोळ्या ठेवायचा सल्ला तुला कुणीतरी देईल. त्या गोळीला हवेतला ओलावा लागला की विषारी वायू सुटतो, आणि तुमच्या गॅरेजचं आतलं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. ते काम परवानाधारक लोकांचं. घरात ती गोळी येता कामा नये.

भिंतीवरची बुरशी कोरड्या झाडूने झाडू नकोस, तिची धूळ छातीत जाते. नाकाला फडकं बांध, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने ओलं करून पूस, वाळू दे, मग चुना मार. ब्लीचिंगमध्ये संडासाचं ॲसिड मिसळायचं नाही, त्याचाही वायू होतो. बुरशी धरलेलं सोयाबीन जनावरांनाही घालू नकोस.

आणि शेवटी हिशेबाचं बोलतो. 5328 रुपयांच्या हमीभावाकडे डोळे लावून सगळा माल गॅरेजात कोंडून ठेवलास, तर भाव वाढायच्या आत माल उतरेल. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. माल वाळवून बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने मिळते. रेणापूरच्या बाजार समितीत जाऊन यंदा त्यांच्याकडे ती आहे का आणि जागा आहे का हे विचार. नसेल तर लातूरला चौकशी करू, मी सोबत येतो. घरी फक्त बियाणं आणि खाण्यापुरतं ठेव. जाताना दाण्यांचा नमुना खिशात घे, आणि मीटरवर काय आकडा येतो तो मला फोनवर कळव.

आईला आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा