सिस्टिम रिस्टोअरची दुरुस्ती

12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' जगभर पसरला. त्याने फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण विंडोजने जपलेल्या जुन्या प्रतीही त्याने पुसल्या आणि दुरुस्तीची सोय बंद केली, ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. घरफोड्याने शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावाव्यात, तसाच हा प्रकार!

सिस्टिम रिस्टोअर म्हणजे, आम्हां वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, मागील तारखेची शिल्लक घेऊन हिशेब पुन्हा मांडणे. पण ती शिल्लकच चुकीची असली तर? संसर्गकाळात घेतलेल्या रिस्टोअर पॉइंटमध्ये व्हायरसही जपला जातो. म्हणून प्रथम 'डिफेंडर ऑफलाइन'ने संगणक स्वच्छ करावा. नंतर सिस्टिम प्रोटेक्शनमधून जुने पॉइंट पुसून नवा घ्यावा. मात्र फायली कुलूपबंद झाल्या असतील तर पुसण्याची घाई नको. क्वचित त्या जुन्या प्रतींतूनच फाइल परत मिळते. प्रोटेक्शन चालूच होत नसेल तर रजिस्ट्रीतील 'डिसेबलएसआर' ही नोंद आणि 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' ही सर्व्हिस तपासावी. बहुधा दोष तेथेच सापडतो.

एक गैरसमज मात्र आपल्याकडे फार आहे. निपाणीच्या तंबाखू वखारीचा टॅलीतला हिशेब उडाला, तर तो रिस्टोअरने परत येत नाही. पूर्वपदावर येते ती केवळ विंडोजची व्यवस्था. हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवरच हवी. मी ती दर आठवड्याला घेतो आणि लगेच वायर काढतो, कारण डिस्क जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते.