सव्वा महिन्याची वाट पाहू नकोस

निर्मळ, वसई

चि. बाबू यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. बाळ घरी आलं ऐकून जीव भांड्यात पडतोय तोच ती म्हणाली, डोळे दाखवायला सव्वा महिना झाल्यावर नेणार! अरे, बत्तिसाव्या आठवड्यातलं पोर ते. डॉक्टरांनी कागदावर गुरुवारची तारीख घातली आहे ना? मग उंबऱ्याचं कौतुक कशाला?

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोच्या आतल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या झालेल्या नसतात, पुढे त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत कळलं तर बहुतेकदा लेसरने निभावतं. पडदा सुटला की मग कितीही मोठा डॉक्टर गाठा. वरून काही दिसत नाही, ‘दिव्याकडे बघतंय की’ म्हणून बसू नका. सव्वा महिना मीही पाळला, पण तो रिवाज पुऱ्या दिवसांच्या बाळांचा. वहिनीला सांग, आत्या म्हणाली.

हायवेला ट्रॅफिक असतं, कबूल. पहाटे निघा, वर्सोवा पूल ओलांडला की सुटलात. पण गुरुवार चुकवू नकोस.

आणि सूनबाई विरार लोकलने कामाला जायची म्हणून असं झालं, असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे गप्प कर. तिचं बीपी चढलं होतं. कित्येकींच्या बाबतीत तर कारणच सापडत नाही.

माझी थोरली १९८० साली सातव्यात झाली, तुला ठाऊक आहे. ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही’ म्हणून बायका धीर द्यायच्या आणि त्याच तोंडाने ‘जीव लावू नकोस’ सांगायच्या. कापसात गुंडाळून वर बल्ब लावला होता. मला जवळ घेऊ दिली नाही. आठवडाही निघाला नाही. भांडून घ्यायला हवी होती रे, पण विशीतली मी, सासूबाईंपुढे तोंड कुठलं उघडतंय! त्याच सुमाराला तिकडे कोलंबियात काचेच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टर आयांच्या उघड्या छातीशीच बाळं बांधत होते. इकडे सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी उघडली तीही १९८९ साली. आम्हाला कोण सांगणार?

तुमचं तर आठव्यातलं, आणि आलं की घरी! सूनबाईने फोटो पाठवला होता. तू शर्टाची बटणं सोडून खुर्चीत बसलेला, छातीवर टोपी घातलेलं ते एवढंसं, नाकात नळी. किती वेळ बघत होते मी. घरीही असाच बसत जा, बापाची ऊबही त्याला चालते.

फार बोलले, मनावर घेऊ नकोस. बुधवारी संध्याकाळीच येते. डिंकाचे लाडू झालेत, सूनबाईसाठी अळिवाची खीर तिथेच करीन. गाडीत बाळाला मी घेईन, तेवढी ती टेकेल. किती वाजता निघायचं ते कळव.

तुझी,
आत्या