चिखलातली शर्यत

मित्रांनो, मैदानावरच्या शर्यतीत तुम्ही धावला असाल. पण टेकडीवरून, चिखलातून कधी धावला आहात का? अशा शर्यतीला क्रॉस कंट्री म्हणतात.

तिच्यात भाग घेणार असाल, तर काही गोष्टी लक्षात ठेवा. चढावर पावले लहान टाका. उतारावर अंग मागे झुकवू नका, नाहीतर पाय घसरेल. चिखलात पाय रुततो. म्हणून बुटांच्या नाड्या घट्ट बांधा. सुरुवातीलाच सारी ताकद संपवू नका.

२०२३ साली ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्ट येथे जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा झाली. महिलांच्या शर्यतीत इथिओपियाची लेतेसेनबेत गिदे सर्वांच्या पुढे होती. शेवटची रेषा अगदी जवळ आली आणि ती कोसळली. केनियाची बीट्रिस चेबेट पुढे गेली व जिंकली. बाहेरच्या एका माणसाने गिदेला हात देऊन उठवले. त्याचा हेतू चांगला होता. पण मदत मिळाल्यामुळे नियमाप्रमाणे ती बाद ठरली.

म्हणून मित्रांनो, शेवटच्या पावलांसाठी थोडी ताकद राखून ठेवा. आणि पडलात, तर स्वतःच उठा!

शब्दार्थ
रुतणे – आत अडकणे
कोसळणे – एकदम खाली पडणे
बाद ठरणे – स्पर्धेतून काढले जाणे