फीपायी टीसी अडवली

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. फी थकली म्हणून खासगी शाळा टीसी देत नाही. तिला जिल्हा परिषद शाळेत घालायचंय, पण वकील परवडत नाही.
– एक आई, हसनाबाद

उत्तर : ताई, टीसीसाठी थांबूच नका. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 5 नुसार टीसीला उशीर झाला म्हणून जिल्हा परिषद शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. उलट टीसी रखडवणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतात. (थकलेली फी माफ होत नाही, हेही ऐका.) जुन्या शाळेकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी मागणीला पुरावा नसतो. दाद लागली नाही तर भोकरदनच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा. वकील लागलाच, तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता तो मोफत मिळतो. जालन्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.