अपरिचितांशी वाद

बुटीबोरीहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत अपरिचित प्रवाशांचे वाद आम्ही पुष्कळदा ऐकतो. स्टेशन येते, एक पक्ष उतरून जातो, आणि वाद अर्धाच राहतो. अशा वादात काळ घालवावा काय?

इ. स. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वादविवाद झाले. जॉर्ज बोवेन या मिशनऱ्याने त्यांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापिला. पुढे मराठीतही पुस्तक निघाले. बुवा हिंदूच राहिले, बोवेन मिशनरीच राहिले. तथापि श्रम व्यर्थ गेले, असे आम्हांस वाटत नाही. तेथे दिवस ठरलेला असे, श्रोते जमत, प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून उत्तर देता येत नसे. प्रतिपक्षी न वळला, तरी दोन्ही बाजू ऐकणाऱ्याच्या विचारास चालना मिळे. गाडीतल्या भांडणात यांपैकी काय असते? (तेथे बहुधा बसण्याच्या जागेवरूनच रण माजते!)

अपरिचित मनुष्य भेटल्यास त्याला जिंकण्यापेक्षा विचारण्यात वेळ अधिक सार्थकी लागतो, असे आमचे मत आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड लोकांची माहिती व गीते चिकाटीने जमविली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना, आपल्या या बोरीजवळच, नाल्याच्या पुरात ते बुडाले. त्यांच्या कागदांतील लिंगोचे गोंडी गीत सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविले. अभ्यासक ते अद्याप वाचतात.