'अदा करणे' म्हणजे काय?

हा शब्द तुम्ही कागदावर पाहिला असेल. बोलताना मात्र कोणी म्हणत नाही. "मायने किराणा अदा केला" असे म्हटले तर दुकानदार हसेल.

मी हा शब्द का शिकलो ते सांगतो. दिवाळीनंतर आप्पांना (माझे आजोबा) एक पत्र आले. बांधाचे भांडण होते म्हणून त्यांनी शेताच्या मोजणीचा अर्ज केला होता. आप्पा म्हणाले, "काय लिखेल शे रे?" मी वाचले, "मोजणी फी रुपये ३००० सात दिवसांचे आत अदा करावी." मला वाटले अदा म्हणजे आधा. टीव्हीवर आधा म्हणजे अर्धा म्हणतात ना! मी सांगितले, फी अर्धी करायची आहे. आप्पा खूश झाले. दीड हजार घेऊन एस.टी.ने धरणगावला गेले. तिकीटही अर्धे, कारण त्यांचे वय ६५ च्या वर आहे. पण खिडकीवरच्या माणसाने त्यांना परत पाठवले. आप्पा मला काही बोलले नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, अदा हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. जे देणे किंवा करणे लागते ते पुरे करणे, असा त्याचा अर्थ. म्हणून नमाज अदा करतात आणि नाटकात भूमिकाही अदा करतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्यांच्या सांगण्यावरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. तरी जमा, खर्च, वसूल हे शब्द राहिलेच.

आता वापर पहा. 'अदा' बदलत नाही, 'करणे' बदलते. फी अदा केली. भाडे अदा केले. पैसे अदा केले. कर्ज मात्र आपण फेडतो, आणि घरखर्च भागवतो. भागवणे म्हणजे आहे तेवढ्यात पुरवणे, ते मायला चांगले जमते. चुकवणे हा शब्द फसवा आहे. 'हिशेब चुकवला' म्हणजे पैसे दिले, आणि 'कर चुकवला' म्हणजे बहुतेक वेळा दिलेच नाहीत! आपल्या शाळेत आपण फी अदा करीत नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आहे.

वडील मला म्हणाले, "बालकवी आपल्या धरणगावचे, त्यांना फुलराणी सुचली. कचेरीला असले शब्द सुचतात."

बाकीचे दीड हजार मायने कापसाच्या पैशांतून काढून दिले. सातव्या दिवशी आप्पा पावती घेऊन आले. मी लगेच अदा शब्द शोधला. पावतीवर तो नव्हताच. तिथे 'रु. ३००० मिळाले' असे होते. कारण अदा आपण केले, मिळाले त्यांना. मोजणी पुढच्या महिन्यात आहे. पत्र आले की आप्पा म्हणतात, आधी गुरुजींना दाखव.